थांबण्याची नावं

“हितं रेंज कुठं हाय गं? मंग ही बोलती कुणासंगं?”

हिराआत्या हे हळूच म्हणाल्या होत्या; म्हणजे त्यांच्या मानाने हळू. मी बांधावर उंबराच्या आडोशाला उभी होते, मोबाईल कानाला लावून. “येस सर, संध्याकाळपर्यंत पाठवते,” असं माझं चाललं होतं. खाली खाचरात भाताची कापणी चालू होती.

“आत्या, हळू की. ऐकंल ती,” त्यांची सून रंजना म्हणाली.

“ऐकंना. म्या काय वंगाळ बोलले? नुसतं इच्यारलं.”

मग पुन्हा विळ्यांचा खर्र खर्र आवाज सुरू झाला.

मी बोलत राहिले. तेव्हाच फोन खाली घेतला असता तर मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं. म्हणून त्या मुक्या फोनमध्ये मी आणखी थोडं बोलले. “नो प्रॉब्लेम सर” म्हणाले. एकदा तर हसलेसुद्धा. ते हसणं आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

यंदाचाही ऑक्टोबर सरत आलाय. मी आता भोरमध्येच एका सीएच्या ऑफिसात काम करते, घरापासून चालत. परवा संध्याकाळी परतताना पेंढ्याने फुगलेला एक टेम्पो बाजारपेठेतून गेला. दुकानांच्या पाट्यांना घासत, विजेच्या तारांत काड्या अडकवत तो पुढे सरकला आणि मागे वास ठेवून गेला. किंचित ओला, किंचित करपट, थोडा गोड. या वासाने लोकांना गाव आठवत असेल, दिवाळीची सुट्टी आठवत असेल. मी मात्र रस्त्याच्या कडेला उभी राहून उगाचच एका चपलांच्या दुकानात बघत राहिले. माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

लाजेचं असंच असतं. ती आठवत नाही, ती होते. पुन्हा, पहिल्यासारखी.

पाठदुखी कशी सुरू झाली ते मला नीट सांगता येत नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मी पडले नव्हते. जड काही उचललं नव्हतं. पुण्यात नोकरी होती, दिवसभर खुर्ची होती, आणि एका हिवाळ्यात कमरेच्या जरा वर, उजव्या बाजूला, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटायला लागलं. तो अंगठा निघालाच नाही. औषधं झाली, पट्टा झाला, शेक झाला. एक्स-रे झाला, मग एमआरआय. त्या नळीत पडून मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते आणि प्रार्थना काय, तर काहीतरी निघू दे.

काहीच निघालं नाही. सगळं नॉर्मल. आई म्हणाली, “देवाची कृपा गं बाई,” आणि मला रडू आलं. आईला वाटलं, सुटकेने रडतेय. मला एखादी सरकलेली चकती हवी होती, दबलेली शीर हवी होती. काळ्या फिल्मवर बोट ठेवून ‘हे बघा, इथे’ असं म्हणता येईल, असं काहीही. स्वतःच्या शरीरात बिघाड नाही म्हणून हिरमुसलेली मुलगी कशी दिसते, ते मी त्या दवाखान्याच्या काचेत पाहिलं.

मग नोकरी सुटली. बसवेना, आणि बसवत नाही हे साहेबांना सांगवेना. मी रजा वाढवत गेले आणि शेवटी राजीनामा दिला. बाबांनी सगळ्या नात्यात सांगितलं, “घरूनच काम करते आता. हल्ली सगळं घरूनच असतं.”

डॉक्टरांनी नंतर एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. परतताना कात्रजचा बोगदा लागला. पलीकडे उजेडात आल्यावर बाबा म्हणाले, “कुणी विचारलं तर फिजिओथेरपी म्हणायचं.” बाबांचा मला राग आला नाही. मीही तेच म्हणणार होते.

त्या मॅडमना मी पहिल्याच दिवशी जरा चिडून विचारलं होतं, “म्हणजे हे सगळं माझ्या मनाचं आहे का?” मी लाजाळू आहे, पण घाबरले की माझा आवाज चढतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “दुखतंय ना? मग दुखतंय. ते खरंच आहे.” मग त्यांनी खिडकीबाहेरच्या गाड्या दाखवल्या. एखाद्या गाडीचा चोर-भोंगा इतका हळवा होतो, की मांजर टपावरून गेलं तरी तो बोंबलतो. भोंगा खोटा नसतो, आवाज खराच असतो. चोर मात्र नसतो. शरीराची इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था तशीच सावध राहू शकते. ती सावध राहायला शिकलेली असते, आणि शिकलेलं हळूहळू बदलता येतं. “यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे, हे मी मनानं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “पण दुखणं जाईलच असं मी म्हणणार नाही. त्याच्यासकट जगणं मोठं करता येईल, एवढं म्हणते.”

त्या मला जे शिकवत होत्या, ते ऐकायला इतकं साधं होतं की मला फसवल्यासारखं वाटायचं. बऱ्या दिवशी मी घर झाडून, कपडे धुऊन, कपाट आवरून मोकळी व्हायची आणि पुढचे दोन दिवस आडवी असायची. मग भीतीने काहीच करायची नाही. मग एखादा बरा दिवस उगवायचा आणि पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, दुखेपर्यंत काम करायचं नाही आणि दुखतंय म्हणून सोडायचंही नाही. घड्याळावर करायचं. ठरलेली वेळ झाली की थांबायचं, बरं वाटत असलं तरी. थोडी विश्रांती, मग परत. “मूड झाला की करू असंही नको. आधी करायचं. मूड मागून येतो, कधी उशिरा येतो, कधी येत नाही. आपण निघालेलं बरं.”

बरं वाटत असताना थांबणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. दुखत असताना थांबलं तर निदान आपलीच आपल्याला कीव येते.

एकदा त्यांनी विचारलं, “समज, दुखणं इथेच बसून आहे. जात नाही. तरी तुला कुठे जायला आवडेल?”

मी विचार न करताच म्हणाले, “काकूकडे. कापणीला.”

माझं मलाच नवल वाटलं. मी इंग्लिश मीडियमची मुलगी. शाळेत मराठी बोललं की दंड असायचा. गावच्या पोरी मला ‘मॅडम’ म्हणून चिडवायच्या. पण दिवाळीच्या सुट्टीत विंझरच्या पुढे, रस्ता सोडून आत, काकूच्या घरी गेलं की एक गोष्ट मला फार आवडायची. कापताना कुणी कुणाशी फार बोलत नसे. बोललं तरी खाली मान घालून. माझ्यासारखीला ती मोठी सोय होती. डोळ्यांत न बघता माणसांत असता यायचं.

मी जायचं ठरवलं तेव्हा काकूला खरंच माणूस हवं होतं. काका जाऊन काही वर्षं झाली होती. चुलतभाऊ शिरवळच्या कंपनीत शिफ्टला. घरात एकटी काकू. आणि तिकडे कापणी मजूर लावून नव्हे, सावडीने होते. म्हणजे आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या, परवा त्यांच्या. ज्या घरातून जितकी माणसं दुसऱ्यांच्या बांधावर जातात, तितकी त्या घराला परत मिळतात. सावडीत अर्धं माणूस नसतं. येतं ते पूर्ण, नाहीतर येत नाही. काकूचं खाचर खालच्या अंगाला, ओल धरून राहणारं, त्यामुळे तिची कापणी सगळ्यांच्या शेवटी. तोवर तिच्या घरातून दोन माणसं उभी राहिली नाहीत तर तिच्या भाताला हात कमी पडणार होते. पिकलेलं भात थांबत नाही. एखादा अवकाळी पाऊस आला की आडवं होतं आणि लोंबीतच मोड येतात.

“जमंल का तुला?” काकूने विचारलं.

“जमेल,” मी म्हणाले. पाठदुखी बरी झाली असं तिला सांगितलं. ‘फिजिओ’ने फरक पडला म्हणाले.

कापताना प्रत्येकाने आपापला एक पट्टा धरायचा असतो. त्याला पात म्हणतात. सगळ्यांच्या पाती शेजारी-शेजारी, सगळे साधारण एका ओळीत पुढे सरकतात. डावीकडे काकू, मग मी, मग हिराआत्या, त्यांच्या पलीकडे रंजना. हिराआत्या नात्याने बाबांच्या चुलत बहीण, गावातच दिलेल्या. साठीच्या पुढच्या, पण विळा असा चालायचा की ऐकत राहावं. त्यांचं तोंडही तसंच.

“अगं ए मॅडम, इळा हाय का कातर? वरनंच कापती. गुरांनी काय उपाशी मरायचं का?”

माझी धसकटं उंच राहायची. खालून कापायला जास्त वाकावं लागतं. मी हसायचे आणि तसंच कापायचे. सकाळी पानांवर दव असायचं, बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या. तोरण्याच्या माथ्यावरचं धुकं उठलं की ऊन एकदम यायचं, आणि मग भिजलेल्या बाह्या वाळून कडक व्हायच्या, भाताचं पातं लागून हातांवर बारीक रेघा उठायच्या. एक तपकिरी खेकडा रोज कुठून तरी निघायचा आणि रंजना रोज किंचाळायची. इंद्रायणी भाताचा वास कच्चा असतानाच यायचा. शिजल्यावर येतो त्याहून हिरवट. मला सुख वाटत होतं. हे सांगायला हवं, नाहीतर वाटेल तो सगळा ऋतू मी मान खाली घालूनच काढला. घातली होती, पण निम्मा वेळ सुखाने.

मी बघत असते. न बोलणाऱ्या माणसाला तेवढंच काम असतं. पहिल्या दोन-चार दिवसांत माझ्या लक्षात आलं, की त्या खाचरात सगळेच थांबतात. पण प्रत्येकाच्या थांबण्याला एक नाव असतं. रंजना बाळाला पाजायला जायची. हिराआत्या मिश्री लावायला बांधावर बसायच्या. डबी काढायची, तळहातावर घ्यायची, दातांवरून बोट फिरवत तोरण्याकडे बघायचं, सगळं कसं निवांत. पुरुष तंबाखू मळायचे. काकू वासराला हाक मारून यायची, आणि वासरू कधीच काही मागत नसायचं. कुणी तहान लागली म्हणायचं, कुणी विळ्याला धार काढायची म्हणायचं. यातल्या कुणालाच कुणी का थांबलीस असं विचारत नसे.

फक्त ‘दुखतंय’ हे थांबण्याचं नाव नव्हतं. कारण दुखत सगळ्यांचंच होतं. ‘कंबर धरली’, ‘उसण भरली’, ‘हातापायाला रग लागली’ असं त्या दिवसभर म्हणायच्या, पण विळा चालू ठेवून. दवाखान्यात मला दुखणं किती म्हणून एक ते दहामधला आकडा विचारायचे. इथे बायकांकडे शब्द होते, आणि शब्द बोलून झाला की काम पुढे जायचं. ज्यांची हाडं चाळीस वर्षं वाकलेली आहेत त्यांच्यासमोर, ज्या पाठीत काही निघालंच नाही ती पाठ घेऊन मी काय सांगणार होते? माझ्या दुखण्यापेक्षा मला त्याच्या लायकीची लाज वाटत होती.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी मोबाईलवर वेळ लावली होती. आवाज बंद, फक्त थरथर. पहिल्या दिवशी खिशात तो थरथरला आणि मी उभी राहिले. लगेच सगळ्यांच्या माना वळल्या. मी फोन बाहेर काढला आणि माझ्या तोंडून निघालं, “ऑफिसचा आहे.”

झालं. एक नाव मिळालं. मी बांधावर जायचे, उंबराला टेकायचे, पाठ सरळ करायचे, खांदे सैल सोडायचे, लांब श्वास घ्यायचे. हे सगळं मॅडमनी शिकवलेलं. आणि वरून बोलत राहायचे. ज्या ऑफिसने मला विसरूनही काळ लोटला होता, त्या ऑफिसशी. त्या दरीत फोन लागत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फोन लावायचा तर वर रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर जावं लागतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी विसरले होते असंही नाही. मला वाटलं, त्यांना इंग्लिश कळत नाही, म्हणजे बाकीचंही कळणार नाही. हे असं मला वाटलं होतं, हे मला त्या उंबराखाली, कानाला फोन असताना कळलं.

हिराआत्यांनी रेंजचं विचारलं त्या दिवशी फोन खिशात घालून मी पातीवर परतले. कुणी वर बघितलं नाही. माझी पात सगळ्यांच्या बरोबरीत होती.

मी वाकले, आणि मग थबकले. इतके दिवस मला वाटत होतं की मधे थांबूनही मी मागे पडत नाही. मला त्याचा छुपा अभिमान होता. मॅडमना सांगायचं म्हणून मी तो जपून ठेवला होता. आता मागे वळून माझी पात पाहिली. माझी उंच धसकटं थोड्या अंतरापर्यंत, मग एकदम जमिनीलगत कापलेला एक सफाईदार तुकडा, मग पुन्हा माझी उंच धसकटं. पुन्हा तुकडा. बांधापासून माझ्या पायापर्यंत असे पट्टे होते. मी जितक्या वेळा त्या उंबराखाली जाऊन बोलले होते, तितक्या वेळा हिराआत्या आपली पात सोडून माझी कापत आल्या होत्या. आणि एकदाही बोलल्या नव्हत्या. कात्रीवरून बोलल्या, गुरांवरून बोलल्या. यावरून नाही.

मी त्यादिवशी मग थांबलेच नाही. खिशात फोन थरथरत राहिला आणि मी कापत राहिले. मला माझी पात माझी हवी होती. जेवण झाल्यावर तर सगळ्यांच्या पुढे गेले. हिराआत्या म्हणाल्या, “आज काय ऑफिस बंद हाय वाटतं!” रंजना हसली, मीही हसले. मी खाली वाकून, जमिनीलगत, त्यांच्यासारखं कापत होते. सगळं बरं वाटत होतं. इतकं बरं, की मला वाटलं मॅडम, भोंगा, घड्याळ हे सगळंच उगीच.

दुसऱ्या दिवशी मला कुशीवर वळता येईना.

काकूने तिळाचं तेल कोमट करून आणलं. चोळताना अंगठा त्या जागेवर आला की ती विचारायची, “हितं?” मी हं म्हणायची. तिचे हात खरखरीत, पेंढ्यासारखे. मला रडू येत होतं पण ते उशीत दाबता येत होतं. बाहेरून हाक आली, “वयनी, निघायचं ना?” काकू हात पुसत अंगणात गेली.

“पोरगी कुठाय?” हिराआत्यांचा आवाज.

“तिची मीटिंग हाय आज,” काकू म्हणाली. “मोठी मीटिंग. दोन-तीन दिस चालंल.”

 मग चपलांचा आवाज लांब गेला.

आत छताकडे बघत मी पडून होते. माझं खोटं आता काकूच्या तोंडात गेलं होतं. जी काकू देवळात तांदूळ ठेवतानाही दोनदा हात धुते, तिला मी खोटं बोलायला लावलं होतं. तिने तो ‘मीटिंग’ शब्द किती जपून उच्चारला, जणू दुसऱ्याच्या घरची काचेची वस्तू आहे.

नंतर पुण्याला गेले तेव्हा मॅडमना उंबराखालचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं, असं तुला तेव्हा वाटत होतं?” मी धडाधड सांगितलं. हसले असते. म्हणाले असते, नखरे आहेत. म्हणाले असते, शहरातली, नाजूक. काकूच्या घरचं माणूस धरलं नसतं. “हे तुला ठाऊक होतं, की तुला वाटत होतं?” असा प्रश्न त्या नेहमी विचारायच्या आणि मला नेहमी राग यायचा. मनात आलेला विचार आणि जगात असलेली गोष्ट यांच्यामधलं अंतर मोजायला शिकणं हाही उपचाराचाच भाग, असं त्या म्हणत. पण लाज या अंतराला जुमानत नाही. ती म्हणते, मोजायला जाऊच नकोस, तिथे लोक बघतायत.

अजूनही मी तिच्याशी वाद घालते. ऑफिसात खुर्चीवरून उठायची वेळ होते तेव्हा पहिला विचार हाच येतो, की सगळे बघतील. मग उठते. कधी लगेच, कधी जरा उशिराने. पाठ दुखते अजून. रोज नाही आता. तरी बऱ्याच वेळा. दुखण्याला घर मोठं झालंय, म्हणून ते लहान वाटतं, असं काहीतरी. मला नीट सांगता येत नाही, आणि मराठीत तर आणखीच कमी. पण इंग्लिशमध्ये हे लिहिलं असतं तर ते बांधावरच्या त्या फोनसारखंच झालं असतं.

काकूची कापणी शेवटी झाली. मी उठून बसायला लागले होते, थोडी चालत होते. तिच्या खाचरात सगळे आले. एक माणूस कमी नव्हतं. माझे गेलेले दिवस कुणी वजा केले नव्हते, किंवा केले असतील आणि बोलून दाखवले नसतील. त्या गावात न बोलण्याचेही प्रकार आहेत, आणि मला वाटायचं की गप्प राहणं फक्त मलाच येतं. मी त्या दिवशी घरी राहून भाकरी केल्या, वेळ लावून, मधेमधे ओसरीवर आडवी होत. दुपारी डोक्यावर पाटी घेऊन काकू गेली, मी मागे पाण्याची कळशी घेऊन. कळशी अर्धीच भरलेली.

संध्याकाळी सगळे काकूच्या अंगणात चहाला टेकले. तोरण्याच्या मागे ढग जमले होते, काळे नाहीत, पण जाड. सगळ्यांच्या नजरा अधूनमधून तिकडे जात होत्या. कापलेलं भात झोडून आत जाईपर्यंत कुणाला झोप नसते.

“उद्या आमच्याकडं झोडणी घ्या,” हिराआत्या बशीतला चहा फुंकत म्हणाल्या. “परवा हिकडं. पाऊस येतोय का काय कळंना. वयनी, तुमच्याकडनं कोण कोण?”

“म्या येते की,” काकू म्हणाली.

“तुमी येताय ते दिसतंय मला. आन् ही?”

झोडणी म्हणजे भाताच्या पेंढ्या दोन हातांनी डोक्यावर उचलायच्या आणि फळीवर आपटायच्या. दाणे उडून अंगावर येतात. मला ते लहानपणापासून आवडतं. आणि परवा काकूच्या अंगणात झोडणी होती. उद्या आमच्या घरातून एकच माणूस गेलं तर परवा कुणी किती यावं, हे कुणी बोललं नसतं. पण काकूला ते रात्रभर टोचलं असतं, आणि वर ढग होते.

काकूने माझ्याकडे बघितलं नाही. पदराने कप पुसत, जपून, ती म्हणाली, “तिला न्हाई जमायचं उद्या. तिला ऑफिसचं…”

रंजना चहाच्या कपात बघत होती. पुरुषांपैकी कुणीतरी खाकरलं. हिराआत्यांनी बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. चिडवायचं म्हणून नव्हे. त्या थांबल्या होत्या.

माझे कान गरम झाले.  मला मॅडमचं काहीही आठवलं नाही. श्वास नाही, भोंगा नाही. एवढंच दिसलं की काकू तोच कप परत परत पुसतेय, आणि तो केव्हाच कोरडा झालाय.

“काकू, राहू दे,” मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला, ओसरीवरची कोंबडी उडाली. “मला नोकरीच नाहीये, आत्या. माझी पाठ दुखते. फोटोत काही निघत नाही, पण दुखते, आणि त्यासाठी मी पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे जाते. उद्या मी येणार आहे. पण मला मधेमधे थांबावं लागतं.”